तिसरा पुरावा

नाना, तुम्हाला माहीत होतं.

हे मी आता आडपडदा न ठेवता म्हणते, कारण पुरावा हातात आहे. तेराव्या दिवशी तुमची गंधमुक्ती झाली, दारावर येऊन बसणारी माणसं पांगली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तुमच्या मंडळींनी, अक्कांनी, मला बोलावून घेतलं. त्यांनी तुमच्या स्कूटरची डिकी उघडली होती. त्यात पुसायचं फडकं होतं, मुलांची भिंगं ठेवायचा डबा होता, शिट्टी होती, आणि अगदी तळाशी रेनकोटच्या घडीत दवाखान्याची फाईल होती. तारीख दिवाळीनंतरची. हृदयाचे ते आलेख मला कळत नाहीत, पण शेवटच्या कागदावर डॉक्टरांनी स्वच्छ मराठीत लिहिलं होतं: चालणं कमी करा, उन्हात जाऊ नका, पुढच्या वेळी घरच्यांना सोबत आणा. अक्का फाईलकडे न बघता म्हणाल्या, "तेस्नी माले बी सांगं नही." मग त्या चहा ठेवायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

रेनकोटच्या घडीत. फेब्रुवारीत जळगावात रेनकोटला कोण हात लावतं? वस्तू जागच्या जागी ठेवणारे तुम्ही, भिंग पुसल्याशिवाय डब्यात न टाकणारे. तुमच्या हातून कागद चुकून तिथं गेले, हे कोणी शपथेवर सांगितलं तरी मी मानणार नाही. तुम्ही ती फाईल लपवली होती.

मी मुळातच संशयी बाई. दूधवाल्याच्या समोर दुधात बोट घालून बघते. घरचे म्हणतात, हिला देवळातला प्रसादसुद्धा आधी हुंगायचा असतो. त्यामुळे चार वर्षांपूर्वी पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत एक निवृत्त मीटर रीडर रविवारी सकाळी सात वाजता लहान लहान पोरं गोळा करून मागच्या मोकळ्या प्लॉटवर नेतो, फुकट नेतो, आणि त्याला 'तपास' म्हणतो, हे कानावर आलं तेव्हा माझं डोकं कुठल्या दिशेनं गेलं असेल ते तुम्ही ओळखलंच होतं. माझा नैतिक तेव्हा सहा वर्षांचा होता आणि त्याला जायचंच होतं. मी त्याला पाठवलं आणि हातात भाजीची पिशवी घेऊन मागून गेले. असे तीन रविवार गेले.

काय बघितलं मी? नऊ पोरं कडुलिंबाखाली उकिडवी बसलेली. जमिनीवर काळ्या भुंग्यांचे तुटके पंख पडलेले. तुम्ही विचारत होता, हे कोणी खाल्लं, कधी खाल्लं, बसून खाल्लं का उडता उडता. पोरं तुम्हालाच विचारायची, आणि तुमचं ठरलेलं उत्तर, "माले म्हाईत नही. तुम्ही दखा." तिसऱ्या रविवारी पोरांनी मान वर करून करून झाडाच्या ढोलीत भुंगे खाणारं ते पिंगळा घुबड शोधून काढलं, तेव्हा झुडपाआड उभी असलेली मी सुद्धा टाळी वाजवणार होते. तरी मनात म्हटलं, माणूस हुशार आहे, हुशार माणसावर जास्त लक्ष ठेवावं.

चौथ्या रविवारी तुम्ही पोरांना नवीन केस दिलीत. "आपला मांगे कोन फिरी ऱ्हायनं, ते दखा." नाल्याकाठच्या ओल्या मातीत पोरांनी माझ्या पावलांचे ठसे शोधले, दोऱ्यानं मापं घेतली, डाव्या चपलेचा अंगठ्याखालचा तळ झिजला आहे हे वहीत लिहिलं, आणि साडेआठच्या सुमारास सगळी वरात माझ्या दारात आली. माझी चप्पल उलटी करून बघणारा माझाच मुलगा होता. "आई, तूच आहेस," तो म्हणाला, आणि इतक्या आनंदानं म्हणाला की मला रागावताही येईना. तुम्ही फाटकाशी उभे होता. हसला नाहीत. "ताई, आते लपू नका. संगे चाला," एवढंच म्हणालात. त्या दिवसापासून मी तुमच्या पथकाची वह्या तपासणारी बाई झाले.

संशय घेण्याची मला सवय होती, पण संशय कसा घ्यावा हे मी तुमच्याकडून शिकले. तपासाला निघण्याआधी तुम्ही पोरांकडून एकच गोष्ट म्हणून घ्यायचा: एक पुरावा म्हणजे शंका, दोन पुरावे म्हणजे दाट शंका, तीन पुरावे झाले की नाव घ्यायचं. त्याआधी नाही. कुंडीतली रोपं कोणी कुरतडली याचा तपास चालू असताना एका पोरानं समोरच्या घरच्या शेळीकडं बोट दाखवलं, तर तुम्ही त्याचं बोट हलकेच खाली केलंत. "संशय मनमा ऱ्हाऊ द्या. तोंडवर नाव आनू नका." शेळीलासुद्धा तुम्ही तीन पुराव्यांशिवाय हात लावू दिला नाहीत.

हे तीनाचं खूळ कुठून आलं, ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत. दोंडाईच्याला नोकरीत असताना एका किराणा दुकानदाराच्या मीटरचं सील तुटलेलं तुम्हाला दिसलं. तुम्ही भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, वीजचोर म्हणालात. पुढं चौकशीत निघालं की त्याच्या म्हाताऱ्या आईनं दिवाळीची जळमटं काढताना झाडू मारला आणि सीलची तार तुटली. चोरी काही नव्हतीच. पण गाव ते विसरलं नाही, आणि तो माणूस पुन्हा कधी तुमच्या तोंडाकडं बघून बोलला नाही. हे सांगताना तुम्ही चष्मा पुसत होता. चष्मा आधीच स्वच्छ होता, हे मी टिपलं होतं.

आपलं एक भांडण मात्र अर्धवट राहिलं, नाना. त्या साळिंदराच्या काट्याचं. मागच्या पावसाळ्यानंतर नाल्याच्या वरच्या अंगाला पोरांना एक काळापांढरा काटा सापडला. तीन रविवार पोरं वेडी झाली होती. बीळ शोधलं, विष्ठा शोधली, कुठली मुळं खणली आहेत ते शोधलं. मला पहिल्याच दिवशी वाटलं, हा काटा तुम्ही आणून टाकला. सातपुड्याच्या पायथ्याशी तुमचे पाहुणे आहेत, तिकडून आणला असणार. मी तुम्हाला बाजूला घेऊन विचारलं. तुम्ही म्हणालात, "पुरावा किती शे?" म्हटलं, एक, काट्याला धूळ नव्हती. "मंग आजून दोन आना," म्हणालात आणि पोरांमागं निघून गेलात.

मी तुम्हाला खूप बोलले त्यावर. पोरांना खरं शोधायला शिकवायचं आणि पुरावा खोटा ठेवायचा, हे कसं चालतं, असं विचारलं. तुम्ही ना हो म्हणालात ना नाही. अक्कांनी डिकी उघडली तेव्हा, खरं सांगते, फाईल दिसायच्या आधी माझे डोळे काटे शोधत होते. सापडले नाहीत. म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका.

आता या हिवाळ्याकडं येते. इथंच माझी लाज आहे.

संक्रांतीनंतर तुम्ही बदललात. आधी नाल्यापर्यंत पोरांच्या पुढं चालणारे तुम्ही, मग मागं राहायला लागलात. मग पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसूनच सांगायला लागलात. शिट्टी पोरांकडं दिलीत. एका रविवारी आलात आणि म्हणालात, आजचा तपास एका जागी बसून करायचा, मुंग्यांचा. पोरांना मजा आली. मला नाही. मला वाटलं, तुम्हाला कंटाळा आला आहे. मला वाटलं, नवीन काही सुचत नाही म्हणून तुम्ही दिवस ढकलताय. दुधात पाणी आहे का हे बोटावर ओळखणारी बाई मी, आणि समोर बसलेल्या माणसाचा श्वास लागतोय हे मला ओळखता आलं नाही.

त्या शेवटच्या रविवारी मी वह्या पिशवीत भरता भरता म्हणाले, "नाना, कंटाळा आला असेल तर सरळ सांगा. मी बघते पोरांचं. उगाच पाट्या टाकू नका." पाट्या टाकू नका, असं म्हणाले मी तुम्हाला. तुम्ही कट्ट्यावरून उठलात, हात टेकून उठलात, आणि म्हणालात, "मी आते म्हतारा व्हयनू, ताई." मी त्यालाही बहाणा समजले. बुधवारी सकाळी आंघोळीला गेलात ते तिथंच.

तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी नऊच्या नऊ पोरं सात वाजता टाकीपाशी हजर होती. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मी आज सुट्टी म्हणून सांगितलं आणि घरी पाठवलं. एकही जण काही विचारायला थांबला नाही, आणि प्रश्न विचारून विचारून जीव नकोसा करणारी ही पोरं गप्प का, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तेही आलं नाही.

अक्कांनी फाईल दाखवली त्याच दिवशी संध्याकाळी स्वरा आली, तिच्या आईबरोबर. स्वरा म्हणजे आपल्यातली ती दोन वेण्यांची, सात वर्षांची, मुंग्या मोजताना कोणी बोललं तर पहिल्यापासून मोजणारी. तिची आई दारातच हळू आवाजात म्हणाली, "ताई, दोन आठवडे झाले, ही धड जेवत नाहीये. दोन घास खाते आणि उठते. काय झालं सांगत पण नाही. फक्त म्हणते, ताईंना वही दाखवायची."

स्वरा माझ्यासमोर पलंगावर बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. "ताई, केस पूर्ण नाहीये," ती म्हणाली. "तरी दाखवू का?"

म्हटलं, दाखव.

पान उघडून तिनं वही माझ्या मांडीवर ठेवली. वर लिहिलं होतं, केस, नाना. खाली, पुरावा एक, नाना नाल्यापर्यंत जाताना तीनदा थांबले, आधी एकदा थांबायचे. पुरावा दोन, नाना डावा हात दाबत होते, कोणी बघितलं की सोडत होते. पुरावा तीन, असं लिहून पुढं जागा कोरी. आणि त्या कोऱ्या जागेखाली लाल शाईत माझा शेरा. छान निरीक्षण. अक्षर सुधार.

"तिसरा मिळाला नव्हता, ताई," स्वरा म्हणाली. "म्हणून मी नाव नाही घेतलं. पुढच्या रविवारी मिळाला असता. दोनवरच सांगितलं असतं तर नाना गेले नसते ना?"

नाना, मला त्या क्षणी तुमचा इतका राग आला. तुमच्या हातून एकदा एका निर्दोष माणसाची अब्रू गेली, त्याचं ओझं तुम्ही चांगलं मानून पोरांच्या पाठीवर दिलंत, आणि या पोरीनं ते प्रामाणिकपणे वाहिलं. सगळ्या कॉलनीत, तुमच्या घरात, जे कोणाला दिसलं नाही ते हिला दिसलं. तुम्हीच तिला बघायला शिकवलं होतंत, आणि बघितलेलं बोलायचं नाही हेही तुम्हीच शिकवलं होतंत. राग येता येताच मला हेही वाटत होतं की असं बघणारं पोर घडवणारा मास्तर मला कुठल्या शाळेत दिसला नाही. दोन्ही एकदम वाटत होतं आणि समोर पोरगी उत्तराची वाट बघत होती.

मी तिला विचारलं, "हा लाल शेरा कोणाचा?"

"तुमचा."

"मग हे पान कोणी वाचलं?"

"तुम्ही."

"नाही वाचलं," म्हटलं. "तिथं शेरा मारला, पण पान वाचलं नाही. वाचल्यासारखं केलं. तू तुझं काम केलंस, माझं काम मी केलं नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत मला माझीच नजर दिसली, दूधवाल्याकडं बघतानाची. "मोठी माणसं पण असं करतात?"

"करतात. आणि नानांना स्वतःला माहीत होतं. त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. आज मी कागद बघितले. तुला दिसायच्या आधीपासून त्यांना माहीत होतं."

मला वाटलं होतं, यानं तिचं मन हलकं होईल. तिनं पानावरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण त्यांना कोणी विचारलं नाही. मी विचारलं असतं तर मला सांगितलं असतं." वही मिटून तिनं छातीशी धरली आणि आईबरोबर गेली. त्या दिवशीही तिनं ताट तसंच ठेवलं, हे मला तिच्या आईनं नंतर सांगितलं.

कोणी विचारलं नाही. चार दिवस मला हे पुरलं, नाना. मी आरोप केला होता, कंटाळ्याचा, पाट्या टाकण्याचा. तोही एका पुराव्यावर, तुमचा नियम मोडून. विचारलं मात्र नव्हतं. तुम्ही दोंडाईच्यात त्या दुकानदारालाही विचारलं नव्हतंत. सील कसं तुटलं, हे तीन शब्द विचारले असते तर म्हातारी तिथंच सांगून मोकळी झाली असती. तुमची चूक पुरावे कमी असण्याची नव्हतीच. चोर म्हणायला तीन पुरावे लागोत की तीस, विचारायला एकही लागत नाही. इतकी वर्षं तुम्ही चुकीचा धडा घेऊन बसलात असं माझं म्हणणं आहे, आणि यावर तुमच्याशी भांडायला मला तुम्ही हवे आहात.

गेल्या रविवारी मी पोरांना टाकीपाशी बोलावलं. शिट्टी अक्कांनी दिली होती. कट्ट्यावर तुम्ही बसायचा त्या जागेकडं सगळ्यांनी एकदा बघितलं आणि मग कोणी बघितलं नाही. मी सांगितलं की नानांचा नियम तसाच राहील, नाव घ्यायला तीन पुरावे. पण माणसाचं काही वेगळं दिसलं, कोणी थांबतंय, कोणी दाबतंय, कोणी गप्प झालंय, तर पुरावे गोळा करत बसायचं नाही. तिथल्या तिथं जवळ जाऊन विचारायचं.

"ते चिडले तर?" नैतिकनं विचारलं.

"चिडू दे."

"खोटं सांगितलं तर?"

"तरी विचारायचं. दुसऱ्या दिवशी परत विचारायचं."

स्वरानं हात वर केला. "घरातल्यांना पण?"

"घरातल्यांना आधी," मी म्हणाले. तिनं ते वहीत लिहून घेतलं. मग आम्ही नाल्याकडं गेलो. या खेपेला काठावरच्या बाभळीची साल कोणी खरवडली याचा तपास होता. मला खरंच माहीत नाही, मी काही आणून टाकलेलं नाही, आणि पोरांना ते खरं वाटेना.

काल संध्याकाळी स्वराच्या आईचा फोन आला. त्यांच्या आजी जिना चढताना मधल्या वळणावर रोज थांबतात, कधी पाच मिनिटं, कधी दहा. स्वरानं सगळे जेवायला बसलेले असताना विचारलं, "आजी, तू जिन्यात का थांबतेस? छातीत दुखतं का?" तिच्या वडिलांचा घास हातात राहिला. आजी म्हणाल्या, काही नाही गं, उगाच. स्वरा म्हणाली, "मी आरोप नाही करत आजी, मी विचारतेय. उद्या परत विचारणार." वडील दवाखान्यात फोन लावायला उठले, तेव्हा आजींना बोलावं लागलं. जिन्याच्या वळणावरची खिडकी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरावर उघडते. तिथलं सासूसुनेचं भांडण तिथून शब्दन्‌शब्द ऐकू येतं. आजी दम लागून थांबत नव्हत्या, पुढचा भाग ऐकायला थांबत होत्या.

घर हसत सुटलं म्हणे. आजी रुसून बसल्या. स्वरा सगळ्यात जास्त हसली, आणि हसता हसता रडली, आणि मग तिनं शेवभाजीबरोबर दोन भाकरी खाल्ल्या. तिची आई हे सांगताना मधेच थांबली. मी तिला विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "काही नाही ताई, बरं वाटलं."

त्या पोरीचं चुकलंच होतं एका ठिकाणी, नाना. तिला वाटतं, तिनं विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं. मी तुम्हाला तिच्यापेक्षा जास्त ओळखते. तुम्ही चष्मा पुसला असता, गुडघ्याचं काहीतरी सांगितलं असतं, उठून पोरांमागं निघाला असतात. तुम्ही माझ्याशी खोटंच बोलला असतात. तरी मी विचारायला हवं होतं.